बॉडी फिलर: काही महिने वापरल्यावर कोणता डबा ठेवला, कोणता बाजूला सारला

जुन्या गाडीच्या पत्र्याचं काम मी घरीच करतो. दारावरचे पोचे, चाकाच्या कमानीवरचा गंज, बॉनेटवरचे बारीक डेंट असं काही ना काही चालूच असतं. पत्रा ठोकून सरळ केल्यावर उरलेला खोलगटपणा भरायला जो लगदा लावतात आणि कडक झाल्यावर घासतात, तो बॉडी फिलर. या काळात साधा हलका फिलर, बारीक फिनिशिंग पुट्टी, काचतंतूचा फिलर आणि हार्डनर (फिलर कडक करणारी पेस्ट) न लागणारी ट्यूबमधली पुट्टी, असे सगळे प्रकार हाताखालून गेले. रंगकाम होऊन ऊन-पाऊस लागल्यावरच खरं काय ते दिसतं, म्हणून लिहायला मुद्दाम वेळ घेतला.

घेताना आपण विचारतो, कोणता जास्त घट्ट बसतो? माझा प्रश्न आता वेगळा आहे: कोणता नीट घासला जातो? ताकद पत्र्यात असते, फिलरमध्ये नाही. ठोकून पत्रा जमेल तितका जागेवर आणायचा आणि घासून झाल्यावर थर 3 मिलिमीटरच्या आसपास राहील एवढाच भरायचा. त्याहून जाड थर म्हणजे ठोकण्याचं काम फिलरवर ढकललं. एवढ्या पातळ थराला कुठलाही बरा पॉलिएस्टर फिलर चिकटतो. पत्रा 80 नंबरच्या घासकागदाने (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) खरवडलेला आणि तेलकटपणा पुसलेला हवा, बस्स. फरक पडतो तो घासताना.

म्हणून रोजच्या कामाला हलका फिलर. यात टाल्क या खनिज पावडरीसोबत काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे असतात. डबा हातात घेतला तरी वजनातला फरक कळतो, आणि ठोकळ्याला 80 नंबरचा कागद लावून घासताना तर फारच. जुन्या पद्धतीच्या जड फिलरने खांदे भरून यायचे. वरचा पापुद्रा किंचित चिकट राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावर फिलरमधली राळ (पॉलिएस्टर रेझिन) पूर्ण कडक होऊ देत नाही. तो पापुद्रा कागदात भरतो. एक जुना कागद त्याच्यासाठीच ठेवायचा, मग नवा लावायचा.

हार्डनरबद्दल थोडं सविस्तर, कारण फिलरविषयीच्या निम्म्या तक्रारी खरं तर हार्डनरच्या असतात. प्रमाण साधारण वजनाच्या 2 टक्के, म्हणजे 100 ग्रॅम फिलरला 2 ग्रॅम. डब्यावर वेगळा आकडा असेल तर तो पाळायचा. अंदाजाने पिळणारे बरेच असतात. मी छोटा वजनकाटा वापरतो आणि त्याचा फायदा उघड आहे. कमी पडला तर फिलर रबरासारखा राहतो. जास्त झाला तर हार्डनरमधलं उरलेलं बेंझॉइल पेरॉक्साइड पुढे रंगात उतरतं आणि हलक्या रंगाच्या पॅनेलवर डाग येतो. तो रंगाचा दोष समजून लोक रंगवाल्याशी भांडतात. लवकर वाळावं म्हणून ट्यूब जास्त दाबायची आणि मग डागावर पुन्हा रंग मारत बसायचं, हा हिशेब मला कधी कळला नाही. हार्डनर लाल किंवा निळा असतो तो उगाच नाही: मिश्रणात पट्टे दिसेनासे झाले, रंग एकसारखा झाला की मिसळणं पुरं. पत्रीने (फिलर लावायच्या पातळ पट्टीने) दाबून मिसळा, घोटू नका. घोटलं की हवा शिरते आणि ती पुढे सुईच्या टोकाएवढ्या भोकांच्या रूपात वर येते. पुठ्ठ्यावरही मिसळू नये, तो राळ शोषतो. गुळगुळीत प्लास्टिकची पाटी बरी. हाताशी वेळ चार-पाच मिनिटांचा, उन्हाळ्यात त्याहून कमी, म्हणून घाणा लहानच घ्यावा.

सगळ्यात मोठा फरक मात्र दुसऱ्या डब्याने पडला: हार्डनर घालून वापरायची बारीक फिनिशिंग पुट्टी. ती पातळ असते, आपली आपण थोडी पसरते आणि पहिल्या फिलरचे ओरखडे व भोकं भरते. खालचा थर 180 पर्यंत घासायचा, वर हिचा अगदी पातळ हात, मग 240 आणि 320. पूर्वी प्रायमरचे थर चढवून जे झाकत होतो, ते आता झाकायला उरतच नाही.

ट्यूबमधली एकेरी पुट्टी मात्र बाजूला पडली. तिच्यातला द्रावक उडून ती वाळते, आणि उडताना ती आक्रसते. रंगकाम झालं तेव्हा सपाट दिसणारी रेघ काही आठवड्यांनी तिरप्या उन्हात पुन्हा दिसायला लागली.

काचतंतूचा फिलर मजबूत आहे, पाण्यालाही जास्त तोंड देतो. पण घासायला जिवावर येतो, अंग खाजतं आणि वर साधा फिलर लावावाच लागतो. गंजून आरपार भोक पडलेल्या जागी लोक तो थापतात. माझ्या मते तिथे गंजलेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड करणं हेच काम. काचतंतूने फक्त वेळ मारून नेता येते.

आता पावसानंतरचं. कमानीवर एके ठिकाणी रंगाखाली फुगे आले आणि पहिला संशय अर्थातच फिलरवर गेला. उकरून पाहिलं तर फिलर पत्र्याला धरून होता, गंज मागच्या बाजूने पुढे आला होता. आतून प्रायमर आणि गंजरोधक लेप नसेल तर वरून कितीही महाग डबा वापरा. दुसरं, फिलर ओल शोषतो. त्यामुळे तो पाण्याने घासायचा नाही आणि घासलेलं पॅनेल प्रायमरशिवाय दमट हवेत रात्रभर ठेवायचं नाही. बॉनेटवर वेगळंच झालं. डब्यावर ‘जुन्या रंगावरही चालतो’ असं लिहिलंय. चालतो खरा, पण जिथे फिलरची कड जुन्या रंगावर गेली, तिथे काही महिन्यांनी कडेची पुसट रेघ उमटली. उघड्या पत्र्यावर किंवा इपॉक्सी प्रायमरवर भरलेल्या जागा अजून स्वच्छ आहेत.

जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याला आणि प्लास्टिकच्या बंपरला साधा डबा नको. त्यांच्यासाठी वेगळे फिलर मिळतात, बंपरला लवचीक लागतो. मिसळताना राळेतल्या स्टायरीन या द्रावकाची वाफ येते, तिला सेंद्रिय वाफांसाठीचा कार्ट्रिज मास्क हवा. घासताना उडणाऱ्या धुळीसाठी धुळीचा मास्क पुरतो.

पुन्हा घेताना हलका फिलर आणि फिनिशिंग पुट्टी एवढंच घेईन, आणि दोन्ही लहान डब्यांत. मोठा डबा अर्धा वापरून ठेवला की राळ वर तरंगते, तळाला गाळ घट्ट होतो, आणि झाकण नीट बसलं नसेल तर स्टायरीन उडून उरलेला माल पत्रीने उचलवतही नाही.