गॅमा किरण स्फोटांचा क्ष-किरण अभ्यास: स्विफ्ट की चंद्रा?

गॅमा किरण स्फोट म्हणजे दूरच्या आकाशात अचानक चमकणारे गॅमा किरणांचे झोत; त्यांच्या मागोमाग क्ष-किरणांचा मंदावत जाणारा उजेड उरतो. त्यावरच्या एमएस्सीच्या प्रकल्पासाठी कोणत्या दुर्बिणीचा डेटा घ्यावा, असं भाचीनं विचारलं. स्विफ्ट या नासाच्या उपग्रहावरची एक्सआरटी ही क्ष-किरण दुर्बीण, की नासाचीच अवकाशातली क्ष-किरण वेधशाळा चंद्रा?

आधी वेग, कारण इथे सगळा खेळ त्याचाच आहे. स्फोटाची वर्दी मिळताच स्विफ्ट बहुतेकदा मिनिट-दोन मिनिटांत तिकडे वळते. म्हणून क्ष-किरण तेजाची सुरुवातीची तीव्र घसरण, मग तासन् तास रेंगाळणारं पठार, मध्येच उसळणाऱ्या ज्वाला, हे सगळं तिच्या आलेखात दिसतं. ०५०५०२बी या स्फोटातली प्रचंड ज्वाला तिनंच टिपली. चंद्राला वळवायला सहसा दिवस जातात. तोवर हा भाग संपलेला असतो.

नजर मात्र चंद्राचीच. तिची स्पष्टता अर्ध्या कोनीय सेकंदाची (कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), एक्सआरटीची साधारण १८; आकडा जितका लहान, तितकं चित्र स्पष्ट. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, तेव्हा एक्सआरटीला क्ष-किरण दिसलेच नाहीत. चंद्राला ते नवव्या दिवशी सापडले, तेही त्या ताऱ्यांच्या दीर्घिकेच्या तेजस्वी केंद्राजवळ! हे मला आजही विलक्षण वाटतं.

खर्च दोन्हीकडे शून्य. मेहनतीत फरक आहे: स्विफ्टचे तयार आलेख लेस्टर विद्यापीठ देतं, चंद्राचे मोजके फोटॉन (प्रकाशकण) स्वतः निगुतीनं मोजावे लागतात.

चार-सहा महिन्यांत बरेच स्फोट ताडून पाहायचे असतील तर डोळे झाकून स्विफ्ट. एकाच स्फोटाचा महिन्यांनंतरचा मंद उजेड किंवा जेटचा, म्हणजे स्फोटातून सुटणाऱ्या झोताचा, कोन शोधायचा असेल, तर चंद्रा.