चिपी ते अगत्ती ‘थेट विमान’, आमचे ४१ हजार गेले, प्लीज वाचा

आम्ही वेंगुर्ल्याचे. आईची साठी होती म्हणून लक्षद्वीप ठरवलं, २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान तिकडे जाऊन आले तेव्हापासून घरात तोच विषय होता. आईच्या गुडघ्यांमुळे कोचीला जाऊन विमान बदलणं नको वाटत होतं आणि नेमका तेव्हाच ओळखीतून एका एजंटचा नंबर मिळाला, तो म्हणाला ताई चिपीवरून (म्हणजे आमचं सिंधुदुर्ग विमानतळ) थेट अगत्ती (लक्षद्वीपचं विमानतळ असलेलं बेट) सुरू होतंय, सीझनपुरतं.

खरंच आहे का विचारलं तर लगेच स्क्रीनशॉट आला. सिंधुदुर्ग ते अगत्ती ५९० किमी, फ्लाइट टाइम १ तास १५ मिनिटं, नकाशावर दोन्ही विमानतळ जोडणारी रेघ. माझा तिथेच विश्वास बसला. बाबा म्हणाले होते, “चिपीसून लक्षद्वीपाक विमान? मियां कधी आयकूक नाय.” मी तोच नकाशा दाखवून त्यांना गप्प केलं, ह्याचं आजही वाईट वाटतं.

तिघांची तिकिटं आणि लक्षद्वीपला जायला लागतं ते परमिट, सगळे मिळून ४१ हजार त्याच्या पर्सनल यूपीआयवर पाठवले.

त्या दिवशी आईने खोबऱ्याच्या वड्यांचा डबा पिशवीत सगळ्यात वर ठेवला होता. चिपीच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने प्रिंट हातात घेतली, नावावरून बोट फिरवलं, मग पीएनआरवर थांबला आणि म्हणाला, मॅडम आज अगत्तीचं विमानच नाहीये, इथून ते जातच नाही. काउंटरवर पीएनआर टाकून बघितला, काही निघालं नाही. परमिटचा तर अर्जच झाला नव्हता. आई काही बोलली नाही, डबा मांडीवर घेऊन बसून राहिली.

नंतर समजलं ते नीट सांगते कारण इथेच माणूस फसतो. ते अंतर खोटं नव्हतं. जगातले कुठलेही दोन विमानतळ टाका, रत्नागिरी टाका जिथून प्रवासी विमान नाही, तरी त्या स्क्रीनशॉटमधली अंतर मोजणारी साइट आकडा देतेच, कारण ती फक्त पृथ्वीच्या गोलावरची सरळ रेघ मोजते आणि वेळ काढायला ताशी साधारण ८०० किमीने भागून वर टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास धरते. विमान जातं की नाही हे ती बघतच नाही. आणि ८०० चा वेग मोठ्या जेटचा, अगत्तीची धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटरची, तिथे एटीआरसारखी पंख्याची छोटी विमानं उतरतात जी ताशी ५०० च्या आसपास जातात, म्हणजे खरं विमान असतं तरी पावणेदोन तासाच्या आसपास लागले असते. तिकिटावर एसडीडब्ल्यू, एजीएक्स हे दोन्ही विमानतळांचे कोडही बरोबर होते, पण ते कोणीही टाकू शकतं.

त्यामुळे पैसे देण्याआधी विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर तो रूट आणि ती तारीख दिसते का बघा, तिकीट आलं की पीएनआर तिथेच टाकून चेक करा, आणि फसलात तर त्याच क्षणी १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा नंबर) हाताशी ठेवा. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तरच काही हाती लागतं, आम्हाला कळलं तेव्हा पैसे देऊन तीन आठवडे उलटले होते. तक्रार दिलीय, पैसे अजून नाहीत.

त्याने मला ब्लॉक केलंय पण मावसभावाच्या फोनवर त्याचं स्टेटस दिसतं. परवा नवीन टाकलंय, चिपी ते पोर्ट ब्लेअर थेट, खाली अंतर आणि फ्लाइट टाइम.