ओपांच्या गावाला नेणारी बोट

आमचे ६,९०० युरो गेले. ते परत मिळायची आशा आता मी सोडली आहे. युरोपात नदीवरच्या क्रूझने पूर्वजांच्या गावाला जायचा विचार कोणी करत असेल, तर त्यांनी पैसे भरण्याआधी हे वाचावं, म्हणून लिहिते आहे.

मी लग्नानंतर जर्मनीत स्टुटगार्टला आले. माझ्या सासऱ्यांना मुलांमुळे आम्ही सगळेच ओपा, म्हणजे जर्मनमध्ये आजोबा, म्हणतो. त्यांचा जन्म १९३८चा, हंगेरीत मोहाचजवळच्या एका खेड्यातला, पण घरची बोली जर्मन. तुर्कांची सत्ता गेल्यावर ओसाड पडलेली जमीन कसायला अठराव्या शतकात जर्मन शेतकरी नेऊन वसवले, त्यांतलं हे घराणं. जर्मनीतल्या उल्म शहरात लाकडी होड्यांत बसायचं आणि डॅन्यूबच्या प्रवाहाबरोबर खाली जायचं. त्या होड्या परत फिरत नसत. पोचल्यावर मोडून लाकूड विकून टाकत. या लोकांत एक म्हण आहे : पहिल्या पिढीला मरण, दुसरीला वणवण, तिसरीला भाकरी. त्या भाकरीवरूनही त्यांना उठवलं. १९४६ साली जर्मन म्हणून गावातून हाकललं, तेव्हा ओपा आठ वर्षांचे होते. त्यानंतर ते गावी गेले नव्हते.

डिसेंबर २०२३मध्ये मी ती जाहिरात पाहिली. डॅन्यूबवरच्या पासाऊ या जर्मन शहरापासून मोहाचपर्यंत आठ दिवस, बोटीवर वंशावळीचा अभ्यासक, उतरल्यावर गाडीने थेट गावात, शिवाय निघण्याआधी घराण्याची फाईल हातात. मला ते लगेच पटलं. लहानपणी बाबांबरोबर त्र्यंबकेश्वरला गेले होते, तेव्हा उपाध्यायांनी वही उघडून आमच्या पणजोबांची सही दाखवली होती. इथेही तसंच काही असेल, असं मी धरून चालले.

फोनवरच्या माणसाने आधी ओपांशी बोलायचं आहे म्हणून सांगितलं. तो त्यांच्याच बोलीत बोलला. पाऊण तास दोघे बोलत होते. गावातली विहीर, तुतीची झाडं, डुक्कर कापायचा दिवस. ओपा रडले. फोन ठेवून म्हणाले, "हा आपल्यातला आहे." ओपांनीच त्याला सगळं सांगितलं होतं, तो फक्त हुंकार देत होता, हे मला फार उशिरा लक्षात आलं. नवरा थांबू या म्हणत होता. घाई मी केली.

तिघांचे ६,००० आणि फाईलचे ९००. सगळे एकदम भरायचे, तरच खिडकीची केबिन. कार्ड चालत नाही, फक्त बँक ट्रान्सफर, तीही दुसऱ्या देशातल्या खात्यावर. इथेच मी उठायला हवं होतं. जर्मनीत पॅकेज सहलीची कंपनी बुडाली तर पैसे परत मिळण्याची हमी देणारा कागद, 'झिशरुंग्सशाइन', हातात दिल्याशिवाय आयोजकाला पैसे घेता येत नाहीत. आगाऊ रक्कमही साधारण २० टक्केच मागतात. आम्हाला कागद मिळाला होता, शिक्क्यासह. त्यावरच्या विमा कंपनीला मी फोन केला तो पासाऊहून परतल्यावर. त्या क्रमांकाचा कागद त्यांनी कधी काढलाच नव्हता. हा फोन पैसे भरण्याआधी करा, आणि नंबर कागदावरचा नको, विमा कंपनीच्या वेबसाइटवरचा घ्या.

एप्रिलमध्ये फाईल आली. जाड कागद, १७२३पर्यंतची वंशावळ, वर उमराव घराण्याचं असावं तसं रंगीत मानचिन्ह. ओपांनी ती उशाशी ठेवली.

मे महिन्यात पासाऊच्या धक्क्यावर बोट खरंच उभी होती. स्वागतकक्षातल्या मुलीने यादी दोनदा पाहिली. आमची नावं नव्हती. ती बोट मोहाचला जाणारच नव्हती, बुडापेस्टहून परत फिरणार होती. बोटीच्या मूळ कंपनीच्या वेबसाइटवर वेळापत्रक होतं. मी ते उघडूनही पाहिलं नव्हतं. बुकिंग क्रमांक घेऊन त्या कंपनीला एक फोन केला असता, तरी सगळं तिथेच उघडं पडलं असतं. ओपा लग्नातला कोट घालून बाकावर बसले होते. त्यांना सांगायला मला दहा मिनिटं लागली.

पोलिसांत तक्रार केली. पैसे समोरच्या खात्यात जमा झाले होते, त्यामुळे बँकेला ते ओढून आणता आले नाहीत. ऑक्टोबर २०२५पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना खात्याचं नाव आणि क्रमांक जुळतात का, हे पैसे जाण्याआधी दाखवावं लागतं. तो इशारा आला तर पुढे जाऊ नका.

फाईलही खोटी निघाली. तिच्यात खापरपणजोबांचा १८६८चा 'सरकारी जन्मदाखला' होता. हंगेरीत सरकारी जन्मनोंद सुरू झाली १ ऑक्टोबर १८९५ला. त्याआधीच्या नोंदी चर्चच्या वह्यांत. अशा कितीतरी वह्यांची छायाचित्रं 'फॅमिलीसर्च' या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट पाहायला मिळतात. मी तीन रात्री बसून गावच्या वहीत खरी नोंद शोधली. बापाच्या नावापुढे लिहिलं होतं : शेतकरी. मानचिन्ह कुठलं असणार?

सप्टेंबरमध्ये आम्ही गाडीने गावी जाऊन आलो. विहीर बुजवलेली आहे, तुतीची दोन झाडं उरली आहेत.

पण आता त्या बोलीत कोणाचा फोन आला, की ओपा काही न बोलता ठेवून देतात. त्यांच्या पिढीचे, ती बोली बोलणारे आता मोजकेच उरलेत. खरे मित्रही फोन करून थकले.