पावतीवरचा नवा हीटर

घरच्या हॉट टबच्या, म्हणजे गरम पाण्यात बसायच्या टबच्या, देखभालीसाठी आम्ही एका तंत्रज्ञाशी वर्षभराचा करार केला होता. त्याने पैसे घेतलेली निम्मी कामे झालीच नव्हती, हे मला दहाव्या महिन्यात कळले. इतके दिवस ते लक्षात आले नाही, कारण तो काम करत असताना मी एकदाही जवळ जाऊन उभी राहिले नाही.

सुरुवात हीटरपासून झाली. पाणी तापेना आणि पॅनेलवर प्रवाह कमी असल्याची सूचना येऊ लागली. त्याने बाजूची फळी काढून आत टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत हीटर जळाल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी पाणी तापले, पावतीवर नवा हीटर चढला आणि आम्ही पैसे मोजले. जुना हीटर मागितला, तर तो भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले. फिल्टर तुंबला की हीटरमधून पुरेसे पाणी वाहत नाही आणि तो कोरडा तापू नये म्हणून यंत्रणाच त्याला बंद करते, हे तेव्हा माहीत असते, तर मी फिल्टर काढून टब थोडा वेळ चालवून पाहिला असता. तेवढ्याने सूचना गेली तर दोष बहुधा फिल्टरचाच असतो.

पुढे तीच सूचना पुन्हा आली तेव्हा तो फोन उचलत नव्हता, म्हणून मी स्वतःच फिल्टर उपसला. महिन्यापूर्वीच्या पावतीनुसार त्याचे कार्ट्रिज, म्हणजे पाणी गाळणारी घडीदार नळकांडी, नवे होते. प्रत्यक्षात त्याच्या घड्यांत राखाडी, तेलकट चिखल आणि केस अडकलेले होते, आणि टोपणाच्या कडेला पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून पडून गेलेला टवका जसाच्या तसा होता. फिल्टरशिवाय टब सुरू केला आणि सूचना गेली. मग इलेक्ट्रिशियनला बोलावून, वीजपुरवठा तोडून फळी उघडली. हीटरवरचा अनुक्रमांक टबसोबत आलेल्या कागदपत्रांतल्या क्रमांकाशी तंतोतंत जुळला.

दर तीन महिन्यांनी पाणी बदलल्याचेही पैसे त्याने घेतले होते. ती कामे आम्ही घरी नसताना होत, त्यामुळे पुरावा नाही असे मला वाटले होते. पण पुरावा पाण्यातच निघाला. पाणी निर्जंतुक करायला तो डायक्लोर या क्लोरीनयुक्त रसायनाची पूड वापरत असे. या पुडीतून १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) क्लोरीन मिळते तेव्हा सुमारे ९ पीपीएम सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरते. क्लोरीन खर्च होते, हे आम्ल मात्र उडून जात नाही. ते साचत जाते आणि क्लोरीनचा जोर मंदावतो. पाणी बदलणे हाच ते कमी करण्याचा सरळ उपाय आहे. शेवटचा बदल तीन आठवड्यांपूर्वी झाल्याची नोंद असताना माझ्या चाचणीत हे आम्ल १०० पीपीएमच्या वर निघाले.

क्लोरीनचा उग्र वास म्हणजे स्वच्छतेची खूण, असे तो छातीठोकपणे सांगत असे. तो वास बहुतांशी क्लोरीनचा घामासारख्या मळाशी संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनचा असतो, म्हणजे खूण उलटीच. फेस आला की तो फेसनाशक ओतायचा. फेस बसायचा, घाण तशीच राहायची. मुलाच्या पाठीवर आणि पोहण्याच्या कपड्याखाली लाल, खाजऱ्या पुटकुळ्या उठल्या, तेव्हा टबच्या पाण्यातल्या स्यूडोमोनास जिवाणूंमुळे असे होऊ शकते, हे डॉक्टरांनी सांगितले.

टब रिकामा करण्याआधी मी नळ्या साफ करणारे द्रावण घालून जेट चालवले. तासाभरात तपकिरी, बुळबुळीत पापुद्रे तरंगू लागले. हा थर नळ्यांत असेपर्यंत वरून कितीही औषध घातले, तरी जिवाणूंना आसरा मिळत राहतो.

आता क्लोरीन किमान ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ आहे ना, हे पाणी तपासायच्या माझ्या संचाने मीच पाहते. नवा तंत्रज्ञ आला की काढलेला भाग माझ्या हातात आल्याशिवाय आणि नव्या भागाच्या अनुक्रमांकाचे छायाचित्र घेतल्याशिवाय पैसे देत नाही. जुन्या तंत्रज्ञाला मी टवक्याचे आणि अनुक्रमांकाचे अशी दोन्ही छायाचित्रे पाठवली. कार्ट्रिजचे पैसे त्याने निमूटपणे परत केले. हीटरबद्दल विचारले, तेव्हा ‘पाणी तापलं होतं ना?’ एवढेच म्हणाला.