शेंगाभाजीच्या पाऊचसाठी तंत्रज्ञानाचा परवाना घ्यावा का? सोलापूरच्या उद्योजकांसाठी परीक्षण

शेंगा चटणी आणि कडक भाकरी सोलापूरबाहेर जाऊन बरीच वर्षं झाली. आता शेंगाभाजीची, म्हणजे दाण्याच्या कुटाच्या दाट रश्श्याची, पाळी आहे. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेड घेऊन 'गरम करा, खा' असा पाऊच काढायचं अनेकांच्या मनात असतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: सरकारी प्रयोगशाळेकडून तंत्रज्ञानाचा परवाना घ्यावा, की मशीनवाला सांगेल तसं सुरू करावं?

हे परीक्षण त्या परवान्याचं आहे. सेवा म्हणून त्यात काय मिळतं, काय मिळत नाही आणि कुठल्या मालासाठी तो पैसे वसूल करून देतो, एवढंच पाहू. निकाल आधीच सांगते: शेंगाभाजी, आमटी, पिठलं यांच्यासाठी परवाना घेण्यासारखा आहे, पण करार नीट वाचून. चटणी आणि भाकरीसाठी त्यावर एक रुपयाही घालू नका. डाळिंबाच्या रसाचं उत्तर तुम्ही कुठल्या डब्यात भरता त्यावर आहे.

नेहमीचा एक गोंधळ आधी दूर करू. एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, लायसन वेगळं आणि तंत्रज्ञानाचा परवाना वेगळा. पहिलं नसेल तर माल विकता येत नाही. दुसरा नसला तरी चालतं, फक्त त्या प्रयोगशाळेची पद्धत आणि पेटंट वापरता येत नाही. एक घेतलं म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही.

रिटॉर्ट पाऊच (रिटॉर्ट या दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात निर्जंतुक केलेला हवाबंद पाऊच) ही कल्पना आज कुणाच्या मालकीची नाही. अमेरिकी लष्कराच्या नॅटिक प्रयोगशाळेने दोन कंपन्यांबरोबर ती विकसित केली आणि 1978 मध्ये त्या कामाला तिथल्या अन्नतंत्रज्ञांच्या संस्थेचा पुरस्कार मिळाला. भारतात पेटंट अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं चालतं, म्हणजे मूळ कल्पना केव्हाच खुली झाली. आपल्याकडे म्हैसूरच्या डीएफआरएल या संरक्षण खात्याच्या अन्न प्रयोगशाळेने सैनिकांसाठी या पाऊचवर काम केलं आणि ते तंत्र पुढे खासगी उद्योगांना दिलं. म्हैसूरचीच सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था) ही 1950 मध्ये सुरू झालेली संस्था अन्नप्रक्रियेची अनेक तंत्रं परवान्याने देते. असा परवाना साधारणतः बिगर-एकाधिकार असतो, म्हणजे तोच दुसऱ्यालाही मिळू शकतो. फी एकरकमी, तीवर जीएसटी वेगळा. सोलापूरहून म्हैसूरला गोलगुंबज एक्स्प्रेस थेट जाते, त्यामुळे प्रात्यक्षिकाला मालक एकटा न जाता रिटॉर्ट चालवणारा माणूसही सोबत नेणं सहज जमतं. न्याच. शिकायचं त्यालाच आहे.

म्हणजे पैसे पडतात ते शोधासाठी नव्हे, तर अनुभवाच्या माहितीसाठी: घटकांचं प्रमाण, भरण्याचं तापमान, पाऊचची रचना, किती अंशांवर किती मिनिटं, आणि कुठे काय बिघडतं. शेंगाभाजीला ही माहिती का लागते?

शेंगाभाजीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका वर तितका माल कमी आंबट) 4.6 च्या वर असतो. थोडी चिंच घातल्याने तो खाली येत नाही. कागदी पट्टीवर विसंबू नका, मीटरने मोजा. 4.6 च्या वर आणि हवाबंद, अशा जागी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढून विष तयार करू शकतो. त्याचे बीजाणू नुसत्या उकळीने मरत नाहीत. म्हणून पाऊचच्या अगदी मध्यावर 121.1 अंश सेल्सिअसला किमान 3 मिनिटांइतका परिणाम पोचलाच पाहिजे. यालाच एफ-शून्य 3 म्हणतात. व्यवहारात त्याहून वर, 5-6 च्या आसपास ठेवतात. मध्यावरचं तापमान 121 ऐवजी 118 राहिलं तर दर मिनिटाचा मारक परिणाम जवळजवळ निम्म्यावर येतो. रिटॉर्टचा काटा 121 दाखवतो तो बाहेरच्या वाफेचा. पाऊचच्या मध्यावर काय चाललंय ते त्याला कळत नाही.

शेंगाभाजी इथे विशेष अवघड आहे. दाण्याचं कूट गरम होताना दाट होतं, आणि दाट पदार्थात उष्णता प्रवाहाने फिरत नाही, थराथराने आत सरकते. अशा मालात लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. 15 मिलिमीटरचा पाऊच 18 मिलिमीटर झाला की वेळ सुमारे 44 टक्क्यांनी वाढतो. म्हणून 250 ग्रॅमसाठी ठरवलेली वेळ ठेवून त्याच पाऊचमध्ये 300 ग्रॅम भरणं हा या धंद्यातला सर्वांत धोकादायक उदारपणा आहे. पाऊच फुगेलच किंवा वास येईलच असं नाही, आणि तरी आतला माल कच्चा राहिलेला असू शकतो. तवंगाचीही काळजी घ्यावी लागते. भरताना भांडं सतत हलतं नसेल तर पहिल्या पाऊचांत तेल जास्त जातं आणि शेवटच्यांत घट्ट गाळ. गाळाचा पाऊच हळू तापतो, म्हणून चाचणीसाठी तोच धरायचा.

परवान्याची सर्वांत मोठी मर्यादा इथेच दिसते. तुम्हाला पुलावाचं किंवा डाळीचं तंत्र मिळालं, तर त्यातले अंश आणि मिनिटं त्या मालाची, त्या वजनाची आणि त्या रिटॉर्टची असतात. ती शेंगाभाजीला लावता येत नाहीत. तुमच्या रिटॉर्टमध्ये, वेगवेगळ्या ट्रेंतल्या पाऊचच्या मध्यावर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून उष्णता-प्रवेश चाचणी नव्यानेच करावी लागते, आणि सर्वांत थंड कोपऱ्यातल्या पाऊचवरून वेळ ठरते. ही चाचणी फीमध्ये धरलेली आहे का, तुमच्या कारखान्यात येऊन करणार की त्यांच्या पायलट प्लांटवरच, हे सही करण्याआधी लेखी विचारा. परवान्याच्या किमतीवर घासाघीस करण्यापेक्षा ही एक ओळ करारात आली तर जास्त फायदा आहे.

पाऊचची रचना साधारण अशी असते: बाहेर 12 मायक्रॉन पॉलिस्टर, मग 9 मायक्रॉन ॲल्युमिनियम फॉइल, हवं तर 15 मायक्रॉन नायलॉन, आणि आत 70 ते 80 मायक्रॉन सीपीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची फिल्म. आतला थर पॉलिप्रॉपिलीनचाच हवा. चटणीच्या पाऊचमध्ये चालणारा साधा एलडी (पॉलिथिन) रिटॉर्टच्या तापमानाला टिकत नाही, सील सुटतो. विक्रेता 'सगळ्याला चालतं' म्हणाला तर स्थलांतर चाचणीचा अहवाल मागा. एफएसएसएआयच्या 2018 च्या पॅकेजिंग नियमांत प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या घटकांची एकूण मर्यादा 60 मिलिग्रॅम प्रति किलो, किंवा 10 मिलिग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर आहे. अहवाल तेलकट मालासाठीचा आहे ना, तेही पाहा. शेंगाभाजीत पाण्यासाठीच्या अहवालाचा उपयोग नाही.

रिटॉर्ट म्हणून काही जण दवाखान्यात असतो तसा साधा ऑटोक्लेव्ह घेतात. तो प्रेशर कुकरसारखा चालतो: वाफ सोडली की बाहेरचा दाब झटकन उतरतो, आतला माल अजून उकळता असतो, आणि पाऊच फाटतात किंवा सील आतून उसवतो. पाऊचसाठी हवेचा उलट दाब देणारा रिटॉर्ट आणि त्याला पुरेल असा कॉम्प्रेसर लागतो. सर्वाधिक नुकसान थंड करताना होतं, कारण तेव्हा दाब सांभाळून पाणी सोडावं लागतं. ते पाणी क्लोरीन घातलेलंच हवं, कारण गरम सीलमधून सूक्ष्म छिद्रावाटे एक थेंब आत गेला तरी पुढे पाऊच फुगतो. फुगलेल्या पाऊचचं कारण शोधताना आधी सील पाहा, मग वेळेचा तक्ता. सीलच्या पट्टीत कुटाचा कण किंवा तेल अडकणं हे पहिलं कारण असतं. माल भरणाऱ्या नळीचं तोंड सीलच्या रेषेच्या खालपर्यंत पोचेल एवढं लांब असलं की निम्मा त्रास संपतो. प्रत्येक बॅचमधले काही पाऊच 37 अंशांवर 14 दिवस ठेवून मगच बाकीचा माल सोडायचा. सणाच्या ऑर्डरीपायी हे 14 दिवस वगळण्याचा मोह होतो. वगळू नका.

आता करार. पेटंट असेल तर क्रमांक मागा आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोधा: चालू आहे, संपलंय की नुसता अर्ज आहे. पेटंट कायदा 1970 च्या कलम 68 प्रमाणे पेटंटचा परवाना लेखीच लागतो. तोंडी कबुलीवर कारखाना उभारू नका. कलम 140 लहान उद्योजकाच्या फार कामाचं आहे. पेटंटमध्ये नसलेली वस्तू आमच्याकडूनच घ्या, अशी सक्ती परवान्यात घालणं त्यानुसार बेकायदा आहे. तुम्ही केलेल्या सुधारणा एकतर्फी आम्हालाच द्या, पेटंटच्या वैधतेला आव्हान देऊ नका, या अटींचंही तेच. कलम 141 सांगतं की करारातली पेटंटं संपली की तीन महिन्यांची नोटीस देऊन करार संपवता येतो. खासगी कंपनीकडून फिल्मसह तंत्र घेत असाल तर ही कलमं वकिलाला दाखवूनच मसुदा परत पाठवा.

रॉयल्टी असेल तर ती कशावर, ते पाहा. समजा पाऊचची छापील किंमत 90 रुपये आणि तुमचा कारखान्यातला दर 58 रुपये आहे. 3 टक्के छापील किमतीवर म्हणजे 2 रुपये 70 पैसे, कारखान्याच्या दरावर म्हणजे 1 रुपया 74 पैसे. एक लाख पाऊचमागे 96,000 रुपयांचा फरक, तोही एका शब्दापायी. परत आलेला माल, जीएसटी आणि वाहतूक वजा करूनच 'निव्वळ विक्री' धरली जावी. किमान हमीची रक्कम असेल तर पहिलं वर्ष त्यातून मोकळं मागा, कारण चाचण्या, लेबल आणि लायसन यांतच ते जातं.

शेंगा चटणीसाठी मात्र परवाना विकायला कुणी आलं तर नम्रपणे नकार द्या. चटणी कोरडी आहे, तिला बिघडवतात ऑक्सिजन, उजेड आणि सोलापूरचा मे महिना. मेटलाइज्ड थर असलेला लॅमिनेट पाऊच, नायट्रोजन भरून आतला ऑक्सिजन 2 टक्क्यांच्या आत, आणि कुटल्यावर चटणी पूर्ण निवल्याशिवाय पॅक न करणं, एवढ्यावर खवटपणा लांबतो. हे तंत्र खुलं आहे. व्हॅक्यूम करू नका. तेल ओढून बाहेर येतं आणि चटणीची वडी होते. कडक भाकरीला ओलावा अडवणारी पिशवी आणि न दबणारा खोका लागतो, बाकी काही नाही.

डाळिंबाचं केंद्र दारातच आहे. केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून इथे आहे, आणि आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) संस्थांची तंत्रं परवान्याने देण्यासाठी ॲग्रीइनोव्हेट इंडिया ही कंपनीही आहे. रस आंबट, 4.6 च्या खाली, त्यामुळे रिटॉर्टची गरज नाही. साधारण 85 ते 90 अंशांवर गरम भरला की काम होतं. अडचण बाटलीची आहे. साधी पीईटी (प्लास्टिकची बाटली) 60-65 अंशांच्या पुढे आकसते आणि वाकडी होते. गरम भरायला उष्णता सोसणारी खास पीईटी किंवा काच घ्या. काचेत रंगही जास्त टिकतो, कारण ऑक्सिजन आत झिरपत नाही, पण बाटली उजेडात ठेवू नका.

कार्टनमध्ये, म्हणजे रसाच्या कागदी खोक्यात, जायचं असेल तर हिशेब वेगळा होतो. तिथे तंत्र, मशीन आणि कागद एकाच हाताशी बांधलेले असू शकतात. टेट्रा पॅकला युरोपीय आयोगाने 1991 मध्ये साडेसात कोटी एकूचा (एकू हे युरोपचं तेव्हाचं हिशेबी चलन) दंड केला, त्यात यंत्र घेणाऱ्याने कार्टनही त्यांच्याकडूनच घ्यावेत ही अट हा एक मोठा मुद्दा होता, आणि 1996 मध्ये वरच्या न्यायालयातही तो दंड कायम राहिला. त्यामुळे कार्टनचं कोटेशन घेताना मशीनच्या भावाबरोबर पाच वर्षांच्या कागदाचा भाव, सुटे भाग आणि दुसऱ्याचा कागद चालवला तर वॉरंटी राहते का, हे तिन्ही एकाच पत्रात मागा. हंगामात रोज किती तास मशीन चालणार, हे ठरलेलं नसेल तर काचेची बाटली घेऊन सुरुवात करा.