सेकंडहँड पार्ट टाकून वाढवलेला गेमिंग पीसी: आठ महिन्यांनंतर

मूळ पीसी रायझन ३ २२००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड आणि ८ जीबीची एकच रॅम असा होता. त्यात जुना रायझन ५ ३६००, ८-८ जीबीच्या ३२०० वेगाच्या रॅमची जोडी आणि आरएक्स ५८० (८ जीबी) ग्राफिक्स कार्ड बसवून आठ महिने झाले. प्रोसेसर आणि रॅम बिनधास्त जुनी घ्या. कार्डावर मेहनत घ्यावी लागते. पॉवर सप्लाय मात्र नवाच हवा.

प्रोसेसर बदलण्याआधी बायोस, म्हणजे बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करा. सुरुवातीच्या बी४५० बायोसला ३६०० ओळखू येत नाही, स्क्रीन काळीच राहते. कूलर काढण्याआधी दहा मिनिटं गेम चालवून पीसी गरम करा, मग बंद करून प्लग काढा. स्क्रू सोडवा आणि कूलर हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवत सुटा करा. थंड असताना सरळ वर ओढला तर प्रोसेसर आणि कूलरमधली वाळलेली थर्मल पेस्ट प्रोसेसरलाच सॉकेटातून उपटून आणते आणि पिना वाकतात. विकत घेतानाही पिनांच्या रांगा उजेडात तिरक्या धरून बघा.

रॅम प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करा. नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगावरच चालत राहते.

खरी परीक्षा कार्डाची. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवर चालणारं इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग थांबलं आणि जुनी कार्डं ढिगाने बाजारात आली. पुण्यात तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घ्या नाहीतर ऑनलाइन ओळखीतून, कार्ड चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये शेडर (चिपमधले गणन-युनिट) २३०४ दिसले पाहिजेत. २०४८ दिसले तर ते ‘२०४८एसपी’, म्हणजे नावाचंच ५८०. पंधरा मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी) आणि नंतर एखादा गेम चालवा. रंगीत ठिपके किंवा चौकटी उमटल्या तर मेमरी गेली, कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. दिसायला ठीक, पण गेम मधेच बंद पडतो, असं असेल तर बहुतेक कार्डात मायनिंगसाठी बदललेला बायोस असतो. मूळ बायोस टाकला की सुधारतं.

घरी आणल्यावर पेस्ट बदलाच. आतली पेस्ट भिंतीवरच्या जुन्या चुन्यासारखी पापुद्र्यांनी निघते. चिपभोवतीचे चार स्प्रिंगवाले स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे सैल करा. पंख्याची वायर धरून ओढू नका, पिनच्या टोकाला धरा. थर्मल पॅड (मेमरीची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बदलणार असाल तर जुन्याची जाडी मोजून तेवढीच आणा. जाड पॅड लावला की हीटसिंक चिपला टेकतच नाही. या कार्डाचं तापमान ८४ अंशांवरून ७४ वर आलं. चिपचं व्होल्टेज ११५० वरून १०८० मिलिव्होल्टवर आणल्यावर आणखी चार अंश उतरले, आणि मे महिन्यातल्या दुपारीही पंख्यांचा घोंगाट झाला नाही.

पॉवर सप्लायचे कपॅसिटर आतून किती थकलेत ते बाहेरून कळत नाही, आणि तो जाताना बोर्ड-कार्डही घेऊन जातो. नवा ५५० वॅटचा, ब्राँझ (कार्यक्षमतेचा दर्जा) मिळालेला सप्लाय पुरतो. कार्डाला वीज देणारी आठ पिनची वायर सप्लायचीच हवी. मोलेक्सचा (जुन्या चार पिनच्या प्लगचा) जोड लावू नका, तो वितळू शकतो. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, म्हणून यूपीएस लागतोच. पण ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, त्यावर प्रिंटर, स्पीकर काही जोडू नका.

जीटीए ५ फुल एचडीवर हाय सेटिंगला ६० फ्रेमच्या वर राहतो. मेश शेडर (चित्र उभारण्याची नवी पद्धत) लागणारे नवे गेम खेळायचे असतील तर ५८० घेऊ नका, या कार्डात ती सोयच नाही.