नक्षीदार कोल्टच्या नावाखाली 3,58,500 रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो. 25,000 टोकन यूपीआयने, 2,15,000 आरटीजीएसने, 1,00,000 रोख, आणि वर ‘पुरातत्त्व खात्याच्या दाखल्यासाठी’ 18,500. एकूण 3,58,500. बदल्यात मिळाली कोल्ट या जुन्या अमेरिकी रिव्हॉल्व्हरची इटलीत बनलेली नक्कल. घासून, गंजवून, वर नक्षी कोरून जुनी केलेली.

विकणाऱ्याने सांगितलेली वाड्याची गोष्ट तुम्हीही कुठेतरी ऐकली असेल. सरदार घराणं, पणजोबांना साहेबाने दिलेली भेट, वाडा बिल्डरकडे चाललाय, भाऊबंदकी, म्हणून गुपचूप विकायचंय. ओळख जुन्या बाजारात झाली, बोलणी त्याच्या सदाशिव पेठेतल्या घरी. वस्तू म्हणजे 1851 च्या मॉडेलचं ‘कोल्ट नेव्ही’ रिव्हॉल्व्हर, नळीवर लंडनचा पत्ता, फ्रेमवर वेलबुट्टी. मी या विषयात नवखा नाही. कोल्टचा लंडनचा कारखाना 1853 ते 1856 एवढाच चालला हे मला पाठ आहे. सिलिंडरवर (गोळ्या भरायच्या फिरत्या भागावर) टेक्सासच्या आरमाराच्या 16 मे 1843 च्या लढाईचं चित्र असतं, ऑर्म्सबी या कोरीवकाराच्या साच्यावरून उठवलेलं, तेही ठाऊक होतं. लढाई होती, तारीख होती. पण नकलेवरही ती असते! चित्र दिसलं म्हणून अस्सल समजू नका.

खिडकीच्या उजेडात भिंगातून बघितलं तेव्हा वेलीची रेघ गंजाच्या खड्ड्यात उतरत होती, आणि खड्ड्याच्या तळाशीही तिची धार तशीच होती. नक्षी आधीची असती तर गंजाने ती खाल्ली असती. म्हणजे गंज आधी, नक्षी मागाहून. हे मी डोळ्यांनी पाहिलं. “मध्ये एकदा सफाई करून घेतली होती,” असं तो म्हणाला आणि मी भिंग खिशात टाकलं.

मग म्हटलं, पाचर काढू द्या, आतले नंबर बघू. नेव्हीची नळी आडव्या पाचरीवर बसलेली असते, सफाईसाठी ती काढावीच लागते. नळी, फ्रेम, ट्रिगर गार्ड, मुठीची पट्टी, सगळीकडे एकच नंबर हवा. त्याने माझा हात धरला. “काका, पणजोबांची वस्तू आहे, तडा गेला तर?” तेवढ्यात त्याच्या आई चहा घेऊन आल्या. दसऱ्याला पूजा करतो म्हणाल्या. पिवळ्या कापडावर हळदकुंकू होतं. अशा घरात हातोडी मागायला कोणाची जीभ रेटेल? पण तोच क्षण होता. पाचर काढू देत नसेल तर उठा, चहा अर्धा राहिला तरी उठा.

पुढे खडकीच्या एका जाणकारांनी पाचर काढली. आत एक जागा कानशीने घासलेली, पण पुरती नाही. ताऱ्याची खूण, त्याखाली ‘पीएन’, म्हणजे इटालियन चाचणीचा काळ्या दारूचा शिक्का, आणि चौकटीत दोन अक्षरं. ही दोन अक्षरांची सालाची खूण 1975 पासूनची. आणि ‘नळी शिशाने कायमची बुजवली आहे’ असं त्याने स्टँपपेपरवर लिहून दिलं होतं, ते शिसं तोंडापाशी बोटभरच निघालं.

खरी कोंडी इथे आहे. ‘शंभर वर्षं झाली की लायसन्स लागत नाही’ ही थाप आहे. शस्त्र कायद्याच्या कलम 45 ची सूट दुरुस्त करूनही गोळी झाडता येणार नाही अशा जुन्या हत्यारालाच आहे. माझ्याकडचं तसं नव्हतं, म्हणजे लायसन्सशिवाय ते बाळगणारा मीच अडकणार. पैसे परत मागितले तेव्हा तो म्हणाला, “करा की तक्रार, आधी तुम्हीच आत जाल.”

तरी गेलो. रिव्हॉल्व्हर लेखी अर्जासकट जमा केलं, पोच घेतली. पहिला प्रश्न आला, “लायसन्स कुठंय?” फसवणूक कोणी केली हे कोणी विचारलंच नाही. मग “ही आमची हद्द नाही.” दुसऱ्या ठाण्यात “ऑनलाइन पैसे गेले ना, सायबरला जा.” सायबरमध्ये “व्यवहार समोरासमोर झालाय, आमच्यात बसत नाही.” नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. त्या कलमाचा कागद पुढे केला तर “तुम्ही वकील आहात का?” न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीसाठीच आहे ना? मग मला अर्जदार न मानता आरोपीसारखं बाकावर का बसवून ठेवता? बँकेने तर एका ओळीत हात झटकले, रक्कम खातेदाराने स्वतः पाठवली आहे. रोख लाखाचा पुरावा मागतात, तो मी कुठून आणू? रोख देऊ नका. मागे काका-पुतण्या असं नातं लावलं तरी देऊ नका.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पुरातन वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला 1972 च्या कायद्याने परवाना लागतो, तो आधी मागा. दाखल्याचे पैसे विक्रेत्याच्या हातात कधीच देऊ नका, माझा ‘दाखला’ रंगीत झेरॉक्स निघाला.

तोच माणूस आता कट्यारी दाखवतोय असं कानावर आलंय. पिवळं कापड, दसऱ्याची पूजा, बिल्डर, हे सगळं तुम्हीही ऐकलं असेल आणि पैसे दिले असतील, तर लाजून गप्प बसू नका. माझ्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे, तुमचाही अर्ज द्या. दोघा-तिघांचे अर्ज एकदम गेले तर हद्दीचं कारण सांगणं त्यांना जड जाईल.